कोकणातल्या घरासाठी ऊन पाणी: बंब, गिझर, सोलर की गॅस?

कोकण किनाऱ्यावर घर तापवावं लागत नाही, पाणी तापवावं लागतं. डहाणूपासून वेंगुर्ल्यापर्यंत समुद्रालगतच्या कुठल्याही गावात पौषातल्या पहाटेही एक गोधडी पुरते. रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे थोडे झोंबतात. उन्हं वर आली की खारा वारा सुटतो आणि दुपारी पंखा लावावा लागतो. दापोलीसारख्या उंचावरच्या गावात गारठा जरा जास्त, पण खोली तापवायचं यंत्र विकत आणावं इतका नाही. त्यामुळे नवं घर बांधणारे, जुनं उतरवून दुरुस्त करणारे, होमस्टे काढणारे सगळे शेवटी एकच विचारतात: अंघोळीच्या पाण्याचं काय करायचं?

आमच्याकडे गरम पाण्याला अजूनही ‘ऊन पाणी’ म्हणतात. राजापूरजवळचं उन्हाळे, दापोली तालुक्यातलं उन्हवरे ही नावं त्याच शब्दातून आलेल्या झऱ्यांची. तुरळ, राजवाडी, आरवली, महाडजवळचं सव अशी गरम कुंडांची रांगच सह्याद्रीच्या पायथ्याने गेली आहे. ज्यांच्या दारात असं कुंड आहे त्यांनी पुढचं वाचायची गरज नाही. बाकीच्यांसाठी हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगतो, कारण पुढचा सगळा हिशोब तिच्यावर उभा आहे. दुकानात गेलात की दुकानदार थंडीचं बोलतो. पण कोकणात ऊन पाण्याची खरी निकड असते ती आषाढात. दिवसभर लावणीच्या चिखलात राबून भिजून आलेला माणूस, शाळेतून ओलीचिंब आलेली पोरं, सांधे धरलेली म्हातारी माणसं, सगळ्यांना तेव्हा ऊन पाणी हवं असतं. आणि नेमकं तेव्हाच आभाळ बंद असतं, वीज जा-ये करत असते, लाकडं दमट असतात. म्हणून कुठलंही साधन निवडताना जानेवारीतली सकाळ डोळ्यांसमोर आणू नका, जुलैतली संध्याकाळ आणा. त्या संध्याकाळी जे चालेल तेच तुमच्या घराचं साधन.

पहिलं काम: बादल्या मोजा

एका माणसाला २० लिटरची एक बादली, साधारण ४० अंशांची, असं धरा. आमच्या विहिरीचं पाणी बारा महिने २५-२६ अंशांच्या आसपास असतं. जमिनीच्या पोटातलं पाणी वर्षभराच्या सरासरी तापमानाला धरून राहतं, म्हणून तर थंडीत पहाटे काढलेली पहिली कळशी हाताला कोमट लागते. टाकीतलं पाणी थंडीत याहून गार होतं. शंभर-दोनशे रुपयांचा तापमापक आणून नळाचं पाणी एकदा मोजून ठेवा.

२५ वरून ४० म्हणजे चढवायचे फक्त १५ अंश. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला एक किलोकॅलरी लागते आणि विजेच्या एका युनिटमध्ये ८६० किलोकॅलरी असतात. २० लिटर गुणिले १५ म्हणजे ३००, म्हणजे एका बादलीला सुमारे ०.३५ युनिट. पाच माणसांच्या घराला पावणेदोन, टाकीतून जाणारी उष्णता धरून दोन युनिट. महिन्याला साठ. हा आकडा लहान नाही, कारण महावितरणच्या घरगुती दरांत पहिला टप्पा १०० युनिटचा आहे आणि तो ओलांडला की पुढच्या युनिटचा दर बराच चढतो. पंखे, फ्रिज आणि पंप मिळून ज्यांचं बिल आधीच नव्वदला टेकलं आहे त्यांना गिझरचं प्रत्येक युनिट महागड्या दराने पडतं.

दुसऱ्या बाजूने पाहिलं तर गरज फार मोठीही नाही. १५ लिटरच्या गिझरमधलं ६० अंशांचं पाणी गार पाण्यात मिसळलं की ४० अंशांचं ३५ लिटर होतं, म्हणजे जवळपास दोन बादल्या. २००० वॉटचा गिझर ते अठरा-वीस मिनिटांत करून देतो. चार-पाच माणसं पाळीपाळीने अंघोळ करणार असतील तर २५ लिटरचा घेण्याचं काही कारण नाही. पडून राहिलेलं गरम पाणी रात्रभर उष्णता सोडत राहतं, तेवढंच.

आता कागदाच्या मागच्या बाजूला सणाचा हिशोब लिहा. गणपतीला मुंबईहून चाकरमानी येतात, घरात पंधरा माणसं होतात, आणि आरतीआधी सगळ्यांना अंघोळ हवी असते. ३०० लिटर पाणी, ४५०० किलोकॅलरी, सव्वापाच युनिट. तोच २००० वॉटचा गिझर न थांबता चालला तरी अडीच तासांहून जास्त वेळ घेईल. पाचांच्या घराला पुरणारं साधन पंधरांच्या घराला पुरत नाही, आणि कोकणातलं घर वर्षातून निदान दोनदा पंधरांचं होतंच. त्या दोन वेळांसाठी मोठं यंत्र विकत घेऊ नका. त्यासाठी बंब आहे, त्याच्याकडे येतोच.

दुसरं काम: पाणी तपासा

इथे सगळ्यात जास्त पैसे वाया जातात, म्हणून इथे जरा थांबा.

आमचं घर खाडीपासून चालत दहा मिनिटांवर. पहिला गिझर घेतला तेव्हा पाण्याचा विचार मनातही आला नाही. तिसऱ्या वर्षी त्याच्या बुडातून तांबूस थेंब गळू लागले. कारागिराने टाकी उघडून आतली कांडी बाहेर काढून माझ्या हातात दिली. मूळची बोटाएवढी जाड, ती जागोजागी कुरतडलेल्या तारेएवढी उरली होती. ही मॅग्नेशियमची कांडी, हिला ॲनोड रॉड म्हणतात. खारं पाणी आधी हिला खातं म्हणून टाकी वाचते. कांडी संपली की टाकीची पाळी. दर वर्षी ती बघायची असते आणि झिजली की बदलायची असते, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. काही शे रुपयांच्या कांडीपायी आख्खा गिझर गेला.

कोकणात पाण्याच्या ढोबळ तीन जाती. सड्यावरच्या, जांभ्यातल्या विहिरीचं पाणी बहुधा मऊ असतं, साबणाला फेस भरपूर येतो, पण ते किंचित आम्लधर्मी असल्यामुळे धातूला सावकाश खातं. तांब्याच्या तोटीखालच्या फरशीवर निळसर हिरवा डाग दिसला तर समजा, हे त्याच पाण्याचं काम. काळ्या कातळात मारलेल्या बोअरचं पाणी बऱ्याचदा जड असतं. ते धातूला खात नाही, पण गिझरच्या कॉइलवर पांढरा थर चढवतं, मग कॉइल तापते आणि पाणी तापत नाही. तिसरं खाडीकाठचं आणि पुळणीवरचं पाणी. श्रावणात गोड, एप्रिल-मेमध्ये मचूळ, कधी चक्क खारट. विहिरीचा उपसा वाढला आणि गोड्या पाण्याची पातळी उतरली की समुद्राचं पाणी आत सरकतं, त्याचा हा परिणाम.

म्हणून पाणी दोनदा तपासा, एकदा ऑगस्टमध्ये आणि एकदा मे महिन्यात. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजायचा मीटर काही शे रुपयांत मिळतो. क्लोराइड किती आहे ते कळायला नमुना प्रयोगशाळेत द्यावा लागतो; भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांत तो तपासून मिळतो. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस ५०० आणि क्लोराइड लिटरला २५० मिलीग्रॅमपर्यंत चांगलं धरलं आहे. त्याच्या आत असाल तर कुठलंही साधन घ्या. मे महिन्यात क्लोराइड त्याच्या बरंच वर जात असेल तर साध्या ३०४ जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या टाकीवर विसंबू नका. क्लोराइड त्यात बारीक छिद्रं पाडतं, तीही सांध्याच्या जागी. काचेचा लेप दिलेली टाकी आणि जाड ॲनोड घ्या, किंवा ३१६ जातीचं स्टील मागा. बंबाचं तांबं अशा पाण्याला बऱ्यापैकी टिकतं.

तिसरं काम: वीज

विजेची तपासणी वायरमनला घरी बोलावून करा, फोनवर नको. २००० वॉटचा गिझर पावणेनऊ अँपिअर ओढतो, ३००० वॉटचा इन्स्टंट, म्हणजे पाणी साठवून न ठेवता वाहता वाहता तापवणारा, १३ अँपिअर. दोन्हींना १६ अँपिअरचा पॉइंट, स्वतंत्र एमसीबी, आणि वायर पहिल्याला निदान अडीच, दुसऱ्याला चार चौरस मिलिमीटरची. जुन्या घरांत न्हाणीघरासाठी दिव्याच्या वायरवरूनच जोड काढलेला असतो. त्यावर गिझर लावू नका, वायर भिंतीत आतल्या आत जळते.

३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी बसवल्याशिवाय कोकणातल्या न्हाणीघरात गिझर चालू करू नये, असं माझं ठाम मत आहे. आमच्या भिंती चार महिने ओल धरतात, फरशी ओली, पाय ओले. विजेची बारीकशी गळती झाली तरी हे उपकरण क्षणाच्या अंशात पुरवठा तोडतं. त्याच्या जोडीला चांगलं अर्थिंग हवं. जांभ्याची जमीन उन्हाळ्यात इतकी कोरडी पडते की पावसाळ्यात उत्तम असलेलं अर्थिंग मे महिन्यात कुचकामी होतं. अर्थिंगच्या खड्ड्यात मार्चपासून पावसापर्यंत आठवड्याला एक घागर पाणी ओता. आमच्याकडे ते काम तुळशीला पाणी घालतानाच होतं.

मग व्होल्टेज बघा. संध्याकाळी गावात पंप सुरू झाले की आमच्याकडे २३० चे १८० होतात. व्होल्टेज इतकं उतरलं की गिझरची ताकद साठ टक्क्यांवर येते, म्हणजे १८ मिनिटांचं काम अर्ध्या तासावर जातं. साठवणीच्या गिझरला त्याने फारसं बिघडत नाही, थोडं आधी बटण दाबायचं. इन्स्टंट गिझरची मात्र पंचाईत होते. पूर्ण व्होल्टेजला ३००० वॉटचा इन्स्टंट मिनिटाला जवळपास तीन लिटर पाणी १५ अंशांनी चढवतो, बादली सात मिनिटांत. १८० वर तीच बादली अकरा-बारा मिनिटं घेते. आणि घरचा इन्व्हर्टर गिझर चालवू शकत नाही, त्या आशेवर राहू नका.

पाण्यात सोडायचा हीटर, ज्याला सगळे रॉड म्हणतात, तो स्वस्त म्हणून अनेक घरांत असतो. लोखंडाच्या किंवा ॲल्युमिनियमच्या बादलीत टाकून, चालू असतानाच ‘तापलं का’ म्हणून हात घालायची सवय जीवघेणी आहे. ज्या घरात लहान मुलं आहेत तिथे तो नकोच.

चौथं काम: छप्पर आणि आभाळ

सोलरवर माझा जीव आहे, पण कोकणात त्याची बाजू नीट समजून घ्यावी लागते. ऑक्टोबर ते मे असे आठ महिने सूर्य फुकट पाणी तापवून देतो. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत रत्नागिरीसारख्या ठिकाणी ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि जुलैत आठ-आठ दिवस सूर्याचं तोंड दिसत नाही. म्हणजे सोलर घेतलं तरी दुसरं साधन लागतंच. हे दुसरं साधन धरून खर्च परवडतो का, असा प्रश्न विचारा.

पाच माणसांना रोज १०० लिटरची प्रणाली पुरते. त्यात दोन प्रकार. सपाट पेटीचा, साधारण दोन चौरस मीटर, आत तांब्याच्या नळ्या आणि वर कडक काच. दुसरा काचेच्या निर्वात नळ्यांचा. ढगाळ हवेत नळ्यांचा थोडा जास्त तापतो आणि स्वस्तही पडतो, म्हणून दुकानदार तोच पुढे करतात. पण आमच्या आगरात माड आहेत आणि माकडं आहेत. शेजारच्या काकूंच्या न्हाणीघराच्या स्लॅबवर नळ्यांचं सोलर बसवलं, त्यापासून तीन-चार हातांवर माड. वैशाखात एक सुका नारळ सुटला आणि एका नळीवर पडला. या प्रकारात टाकीतलं पाणी थेट नळ्यांत उतरलेलं असतं, त्यामुळे एक नळी फुटली की सगळी टाकी रिकामी होते. काकू बाहेर आल्या तर स्लॅबवरून वाफाळतं पाणी पागोळ्यांसारखं अंगणात पडत होतं. खाली कुणी नव्हतं, हे नशीब. आगरात घर असेल तर सपाट पेटी घ्या, नाहीतर माडापासून पुरेसं लांब बसवा. पाणी जड असेल तर मात्र पेटीच्या बारीक नळ्या क्षाराने बुजतात, तिथे काचेच्या नळ्या बऱ्या.

तोंड दक्षिणेला हवं. कोकण १६ ते २० अक्षांशांत येतं, म्हणून उतार अक्षांशाहून थोडा जास्त, पंचवीस-तीस अंशांचा ठेवला की थंडीतलं खाली कललेलं ऊन नीट मिळतं आणि पावसात काच आपोआप धुतली जाते. सकाळी नऊ ते दुपारी तीन या वेळात फणसाची, आंब्याची सावली पडता कामा नये. ही सावली डिसेंबरात बघा, मे महिन्यात बघून फसायला होतं, कारण मे महिन्यात सूर्य थेट डोक्यावर असतो.

मंगलोरी कौलांवर हे वजन चढवू नका. पाण्याने भरलेली १०० लिटरची प्रणाली दीडशे किलोच्या घरात जाते आणि वाशांचा जीव तेवढा नसतो. न्हाणीघराला स्लॅब असेल तर त्यावर, नाहीतर अंगणात वेगळ्या लोखंडी घोड्यावर. घोडा गरम जस्तात बुडवलेला घ्या. नुसता रंगवलेला खाऱ्या वाऱ्यात दोन पावसाळ्यांत पापुद्रे सोडतो. पाय स्लॅबमध्ये बोल्टने घट्ट करा. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि आमच्या दापोलीपर्यंत त्याचा फटका बसला. तेव्हा नुसत्या विटा ठेवून उभी केलेली सोलरं आणि टाक्या लोकांनी दुसऱ्याच्या वाडीतून गोळा केल्या.

आणखी दोन गोष्टी. गार पाण्याच्या टाकीचं बूड सोलरच्या टाकीच्या माथ्यापेक्षा वर हवं, नाहीतर पाणी चढतच नाही. आणि गरम पाण्याला सीपीव्हीसी पाइप वापरा. साधा पीव्हीसी ६० अंशांच्या पाण्याने मऊ पडून वाकतो. अर्ध्या इंची पाइपात मीटरमागे सुमारे सव्वाशे मिलिलिटर पाणी मावतं, म्हणजे पाइप दहा मीटर लांब असेल तर दरवेळी सव्वा लिटर गार पाणी आधी सोडावं लागतं. सोलर न्हाणीघराजवळ ठेवा आणि पाइपला फोमचं आवरण घाला.

ज्यांचं घर वर्षातले दहा महिने बंद असतं त्यांनी सोलरच्या भानगडीत पडू नये. रिकाम्या नळ्या दिवसभर उन्हात भयंकर तापतात. मुंबईहून दुपारी येऊन कुलूप काढलं आणि लगेच पंप सुरू केला की गार पाणी लागताच त्या तडकतात. पाणी भरायचं ते सूर्य उगवण्याआधी किंवा रात्री.

याच छपराचा दुसरा उपयोगही आहे. पाणी तापवणारं सोलर न घेता विजेचे सोलर पॅनल बसवायचे आणि गिझर त्यावर चालवायचा. २०२४ मध्ये सुरू झालेल्या पीएम सूर्यघर योजनेत एका किलोवॉटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा जास्त किलोवॉटला ७८,००० रुपये अनुदान आहे. पाणी तापवणाऱ्या सोलरला ते मिळत नाही. कोकणाला यातला नेट मीटर, म्हणजे लाइनला दिलेली वीज घेतलेल्या विजेतून वजा करणारा मीटर, फार सोयीचा आहे. वर्षाचा हिशोब एप्रिल ते मार्च चालतो, म्हणजे एप्रिल-मेच्या कडक उन्हात जास्तीची झालेली युनिटं जुलै-ऑगस्टच्या गिझरला वापरता येतात. मे महिन्यातलं ऊन आषाढात वापरायचा याहून चांगला मार्ग मला माहीत नाही. मात्र लाइन गेली की हे पॅनलही बंद पडतात. लाइनवर काम करणाऱ्या माणसाला शॉक बसू नये म्हणून ती व्यवस्थाच तशी आहे.

पाचवं काम: बंबाची जागा राखून ठेवा

निसर्ग वादळानंतर आमच्याकडे कित्येक आठवडे वीज नव्हती. गिझर भिंतीवर नुसता लटकत होता. पडलेल्या माडांच्या झावळ्या अंगणात ढिगाने होत्या आणि आजीच्या वेळचा तांब्याचा बंब माळ्यावर होता. तो खाली काढला, चिंच-मिठाने घासला, आणि वाडीतली चार घरं आमच्या मागल्या दारी पाणी न्यायला येऊ लागली. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगतो, साधन कुठलंही घ्या, पण बंबाची जागा राखा.

बंब म्हणजे पाण्याच्या भांड्यातून आरपार गेलेलं धुराडं. खाली जाळी, तिच्यावर जाळ, मधल्या नळीतून धूर वर जातो आणि चारी बाजूंचं पाणी तापतं. उष्णता पाण्याच्या मधूनच जात असल्यामुळे चुलीवरच्या हंड्यापेक्षा त्याला सरपण कमी लागतं. सोडणं (नारळाच्या वाळक्या साली), करवंट्या, झावळ्यांचे तुकडे, वाळक्या फांद्या, आगरात जे पडेल ते चालतं. करवंटीचा जाळ सगळ्यात कडक, सोडणाचा मंद आणि टिकाऊ. सुरुवात सोडणाने करून वर करवंट्या टाकाव्यात. काजूची टरफलं मात्र कधीच घालू नका. त्यातल्या तेलाचा धूर डोळ्यांना, घशाला आणि कातडीला जाळतो.

नवा बंब घेताना तो हातात उचलून बघा. पत्रा पातळ असेल तर वजनावरूनच कळतं. मधल्या नळीचे जोड नीट झाळलेले आहेत का हे पाणी भरून, रात्रभर ठेवून तपासा. आणि घरातल्या प्रत्येकाला, विशेषतः सुनेला, जावयाला, मुंबईच्या भाच्यांना एक नियम शिकवा: आधी पाणी, मग जाळ. रिकाम्या बंबात जाळ घातला की जोडांचं कथील वितळतं आणि बंब कायमचा गळका होतो. तापलेलं पाणी काढलं की तेवढंच गार वरून ओतायचं, म्हणजे गणपतीच्या सकाळी एका बंबावर पंधरा जणांच्या अंघोळी होतात. नरकचतुर्दशीच्या पहाटे त्याच्या गळ्यात कारीट-झेंडूची माळ घालून जाळ घालतात, त्या पाण्याला धुराचा जो बारीक वास असतो तो मला तरी गिझरच्या पाण्यात कधी मिळाला नाही.

जागा मागल्या पडवीत, वरून पत्रा आणि बाजूंनी मोकळी. बंद न्हाणीघरात बंब पेटवू नका. धुराड्यातली काजळी महिन्यातून एकदा काथ्याच्या पुंजक्याने काढा. काजळीचा थर उष्णता पाण्यापर्यंत पोचू देत नाही. राख माडाच्या आळ्यात घाला.

गॅस गिझर

गॅस गिझर सुरू करताच गरम पाणी देतो, वीज जवळपास लागत नाही, आणि हिशोबही बरा बसतो: आमच्या पाच बादल्यांना दिवसाला पावणेदोनशे ग्रॅमच्या आसपास गॅस, म्हणजे १४.२ किलोचा सिलिंडर अडीच महिन्यांच्या जवळ जातो. पण तो न्हाणीघराच्या आत बसवू नका. आत बसवणार असाल तर घेऊच नका. दार-खिडकी बंद करून अंघोळ करताना लहानशा खोलीतला प्राणवायू जळून जातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. सिलिंडरच्या गॅसला जो वास येतो तो मुद्दाम मिसळलेला असतो, तो या वायूला नसतो. डोकं जड होतं, पाय लुळे पडतात आणि माणूस कडी काढण्याआधीच खाली कोसळतो. दर वर्षी अशा बातम्या येतात. गिझर बाहेरच्या भिंतीवर, पावसापासून आडोशाला बसवा आणि फक्त गरम पाण्याचा पाइप आत आणा.

हेच बाळंतिणीच्या खोलीबद्दल. शेकशेगडी करताना कोळशाची शेगडी ठेवून दार-खिडक्या लावून घ्यायची पद्धत अजून काही घरांत आहे. तिथेही हाच वायू साचतो. शेक द्या, पण खिडकी उघडी ठेवून, आणि शेक झाला की शेगडी खोलीबाहेर न्या.

हीट पंप कुणासाठी

चार-सहा खोल्यांचा होमस्टे असेल तरच हीट पंपाकडे बघा. तो बाहेरच्या हवेतली उष्णता खेचून पाण्यात घालतो आणि एका युनिटात साधारण तीन युनिटांचं काम करतो. कोकणची उबदार, दमट हवा त्याला मानवते. खर्च मोठा, आणि बाहेरच्या पात्यांना खारा वारा खातो, म्हणून गंजरोधक लेप दिलेलीच घ्या आणि महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा.

आता निवड

बारमाही राहतं घर, स्लॅब आहे, सावली नाही: सोलर, न्हाणीघराजवळ लहान इन्स्टंट गिझर आणि मागल्या दारी बंब. सोलरच्या टाकीतच विजेची कॉइल बसवून देतात, ती मला पटत नाही. दोन बादल्यांसाठी शंभर लिटर तापवत बसावं लागतं. कौलारू घर, भोवती आगर: १५ लिटरचा पाच तारांकित गिझर आणि बंब, आम्ही हेच वापरतो. चाकरमान्यांचं बंद घर: इन्स्टंट आणि बंब, बास. जाताना गिझरचं पाणी सोडून द्या. म्हातारी माणसं एकटी राहत असतील तर बंबाच्या जाळाशी त्यांना बसवू नका. साठवणीचा गिझर घ्या आणि थर्मोस्टॅट ५० वर ठेवा, कारण ६० अंशांचं पाणी काही सेकंदांत पोळतं.

बसवताना कारागिरासमोर उभे राहा. जांभ्याच्या भिंतीत, त्यातही मातीत बांधलेल्या, साधा बोल्ट भुसभुशीत होऊन फिरतो. १५ लिटरचा गिझर भरल्यावर पंचवीस किलोपर्यंत जातो. बोल्ट आरपार घालून पलीकडून लोखंडी पट्टी लावा, नाहीतर काँक्रीटच्या पट्टीत बसवा. सेफ्टी व्हॉल्व्हचं तोंड कुणी बुच लावून बंद केलं तर काढायला लावा; त्यातून ठिबकणारे थेंब म्हणजे बिघाड नाही, टाकीवरचा दाब तिथून सुटतो. आयएसआयचा शिक्का आणि तारांकनाचं लेबल खोक्यावर नाही, यंत्रावर बघा.

आगोटीची कामं

मिरच्या, कडधान्य, सुकी मासळी भरायच्या त्याच दिवसांत, मृग लागण्याआधी, हेही उरका. सोडणं आणि करवंट्या उन्हात कडक वाळवून माळ्यावर चढवा, शंभर दिवस पुरतील इतक्या. बंबाच्या तळाला बोट फिरवून ओल लागते का बघा. गिझरचा ॲनोड काढून पाहा. अर्ध्याहून बारीक झाला असेल तर बदला. मेन स्विच बंद करून वायरमनकडून पॉइंटची टर्मिनलं उघडून घ्या. खाऱ्या हवेने त्यावर हिरवी पूड धरते, ती घासून स्क्रू पुन्हा आवळायला सांगा. आरसीसीबीवरचं चाचणीचं बटण दाबा, खटका पडला पाहिजे. मे महिन्यात पाणी फार तापू नये म्हणून सोलरवर झावळ्यांचा झाप टाकला असेल तर तो काढा आणि नळ्यांच्या बुडाची रबरं तपासा. आणि पहिला पाऊस पडेल त्या संध्याकाळी सगळी साधनं एकदा चालवून बघा, कारण दुसऱ्या दिवशी लाइन असेलच असं नाही.